माळ्यावरची कॅसेट आणि नाव बदललेला बँड

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून कोथरूडच्या एका गृहस्थांनी माळा रिकामा केला. चपलांच्या खोक्यात साठ मिनिटांची एक कॅसेट निघाली, पाठीवर निळ्या बॉलपेनाने ‘रॉक मशीन’ लिहिलेली. १९९० साली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, वर्गमित्राने भरून दिलेली. दोन वर्षं रोज ऐकली, मग नोकरी, लग्न, सीडी, आणि बँडचं नावही डोक्यातून गेलं. आता शेजाऱ्यांकडचा जुना टेप आणून लावली तर पाचेक मिनिटं घोंगडीखालून आल्यासारखा आवाज आला, डोलायला लागला आणि टेप बंद पडला. मुलीने फोनवर त्यातली दोन गाणी शोधून दिली, पण ‘ती माझी गाणीच नाहीत, संथ आणि जाड वाटतात’. तर कॅसेट वाचेल का, बँडचं पुढे काय झालं, आणि खरं गाणं कुठलं?

पहिलं काम: ती कॅसेट शेजाऱ्यांच्या टेपमध्ये पुन्हा घालू नका. मी नारायण पेठेत पंचवीसहून जास्त वर्षं टेप डेक दुरुस्त करतो आणि लोकांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. माझ्याकडे येणाऱ्या खराब कॅसेटींपैकी बऱ्याच माळ्यावर खराब झालेल्या नसतात. माळ्यावरून खाली आल्यावर पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात खराब केलेल्या असतात. तीस वर्षं पडून असलेल्या टेपमधला बेल्ट एकतर सैल झालेला असतो नाहीतर डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला. रबरी रोलर कडक होऊन चकाकत असतो. अशा यंत्रात कॅसेट घातली की फीत रोलरभोवती गुंडाळली जाते, आपण घाबरून झाकण उघडतो आणि ओढतो. त्यापुढे मी फक्त तुकडे जोडू शकतो. तुमचा टेप नुसता बंद पडला, हे तुमचं नशीब.

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रिळाची कड बघा. कडेवर पांढरी पावडर किंवा ठिपके असतील तर ती बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोक्यात ती हमखास धरते, विशेषतः बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या माळ्यावर. बुरशीची कॅसेट वाजवली तर ती डेकच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर येते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते, म्हणून ती आधी साफ करावी लागते, तोंडाला मास्क लावून. तुमच्या वर्णनात घोंगडी आणि डोलणं आहे, ठिपक्यांचा उल्लेख नाही, त्यामुळे माझा संशय दुसरीकडे आहे.

कॅसेट उघड्या बाजूने डोळ्यांसमोर धरा. मध्यभागी पितळी पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा चौकोनी तुकडा दिसला पाहिजे, तुरीच्या डाळीएवढा. तो फीत हेडवर दाबून धरतो. तीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून आत कुठेतरी पडतो. मग फीत हेडला जेमतेम शिवते, वरच्या पट्टीचा आवाज नाहीसा होतो आणि झांजा ऐकूच येत नाहीत. गेल्या महिन्यात अशीच एक उघडली. पाच बारीक स्क्रू होते, म्हणून सोपं. (पुष्कळ कॅसेटींची दोन्ही अंगं वितळवून जोडलेली असतात. ती ब्लेडने शिवणीवरून फोडावी लागतात आणि रीळ दुसऱ्या खोक्यात घालावं लागतं.) वरचं झाकण उचललं, तर फेल्टचा तुकडा डाव्या चकतीखाली वाळलेल्या माशीसारखा पडलेला. एका कोऱ्या कॅसेटची पट्टी काढून यात बसवली, फीत दोन्ही बाजूंच्या छोट्या चाकांवरून नीट घेतली, झाकण लावलं. दहा मिनिटांचं काम. ज्यांची कॅसेट होती त्यांनी ‘आवाज गेला’ म्हणून ती टाकायला काढली होती.

डोलण्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रात असतं, कधी रिळात. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेलं रीळ घट्ट बसतं आणि वेड्यावाकड्या ताणाने सुटतं. चांगल्या डेकवर ते एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे घेतलं की पुष्कळसं सुधारतं. पेन्सिलीने फिरवायला हरकत नाही, पण साठच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते. मनगट दुखेल.

डेक कुठला? ऑनलाइन मिळणारे नवीन, यूएसबीची वायर असलेले स्वस्त वॉकमन घेऊ नका. त्यातली यंत्रणा खेळण्याची असते, वेग स्थिर राहत नाही, आणि तुमचा निम्मा प्रश्न वेगाचाच आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातला कुठल्याही बऱ्या कंपनीचा घरगुती डेक बघा. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर मिळतो. विकणारा ‘चालू आहे’ म्हणेल, त्याचा अर्थ दिवा लागतो एवढाच घ्यायचा. बेल्ट तपकीर गल्लीत मिळतात, जुना तुटका बेल्ट मापाला बरोबर न्या. हेड, कॅपस्टनची दांडी (रोलरबरोबर फीत पुढे ओढते ती) आणि रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत पुसत राहा.

यापुढची गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाहीत. कॅसेटची फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते, ३.८१ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार पट्टे. हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते आणि ती फितीला अगदी काटकोनात हवी. तुमच्या मित्राच्या डेकची फट केसभर कलती असेल, तर भरलेलं गाणं तेवढंच कलतं भरलं गेलं. ते सरळ हेडवर वाजवलं की वरचा आवाज मरतो. यंत्र निर्दोष, कॅसेट निर्दोष, तरी घोंगडी. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो, तो अंशाअंशाने फिरवत कलतेपणा जुळवायचा. डावा-उजवा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोत, ऐका. झांजा सर्वांत लख्ख वाजतील ती जागा बरोबर. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असते. मी कुठलीही कॅसेट हे केल्याशिवाय उतरवत नाही, आणि हे न करता ‘डिजिटल करून देतो’ म्हणणाऱ्याकडे कॅसेट देऊ नका. जाताजाता डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर दाबायचं, बटण बंद आहे का तेही बघा. घरगुती कॉप्या बहुधा डॉल्बीशिवाय भरलेल्या असत, आणि अशा कॅसेटवर ते बटण दाबलं की उरलासुरला वरचा आवाजही जातो.

आता ‘ती माझी गाणीच नाहीत’ या वाक्याकडे. तुम्ही ते जरा ओशाळून लिहिलंय, पण तुमचे कान बरोबर आहेत.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने पळायला हवी. घरातल्या यंत्रात ती क्वचितच तशी पळायची. मित्राचा डेक भरताना तीन टक्के हळू चालत होता असं धरा. तीच कॅसेट बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली तर गाणं तीन टक्के जलद वाजेल आणि सूर जवळपास अर्ध्या सेमीटोनने चढेल, म्हणजे पेटीवर सा आणि कोमल रे यांच्या साधारण मध्यावर. चार मिनिटांचं गाणं सात सेकंद आधी संपेल. गायकाचा आवाज तरुण, पातळ, थोडा घाईतला वाटेल. तुम्ही दोन वर्षं रोज तेच ऐकलंत. मूळ गाणं तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंत ते मुलीच्या फोनवर, म्हणून ते संथ आणि जाड वाटतं. त्यात तुमच्या स्वतःच्या टू-इन-वनचा वेग मिळवा. पुण्यात गुरुवारी वीज जायची, मग सेलवर ऐकायचं, आणि सेल उतरले की सगळे गायक झोपेतून उठल्यासारखे गायचे.

हे घरी तपासता येतं. फोनवरचं गाणं आणि कॅसेटवरचं गाणं, दोन्हींचा पहिल्या ड्रमच्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर मोजा. गाणं विरत संपत असेल तर तो शेवट धरू नका, मधला एखादा ठळक ठोका धरा. एका वेळेला दुसऱ्या वेळेने भागा की टक्केवारी मिळाली. मूळ गाणं हाताशी नसेल तेव्हा मी दुसरी युक्ती वापरतो. कॉपी करताना विजेची घरघर बहुधा फितीवर उतरलेली असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ती घरघर ५० वर किंवा १०० वर दिसायला हवी. ती ५१.५ वर दिसली तर कॅसेट तीन टक्के जलद वाजतेय. पण त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी स्वतःच हलायची, शिवाय वाजवणाऱ्या डेकची आजची घरघर वेगळी ओळखावी लागते. म्हणून मी शेवटी गिटार जवळ घेऊन बसतो. बँडने गिटारी नेहमीच्या सुरात लावल्या असतील तर मोकळ्या तारा जुळल्या पाहिजेत.

वेग कळला की दोन फाइली करा. एक बरोबर वेगाची आणि एक कॅसेट जशी वाजते तशीच. ‘चूक आहे ती कशाला ठेवायची’ असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. बरोबर वेगाची प्रत जगात शेकडो लोकांकडे आहे, फोनवरही आहे. तीन टक्के जलद, शेवटचं गाणं मध्येच तुटलेलं, दोन गाण्यांच्या मध्ये ‘खट्’ असा बटणाचा आवाज असलेलं जे रॉक मशीन तुम्ही ऐकत होतात, ते या एका फितीवर आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई कॅसेट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या भावाने वाड्यात दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, माइकवर भरलेली. गाणी इंग्लिश, पण दोन गाण्यांच्या मध्ये तो भाऊ अमीन सायानींच्या थाटात ‘बहनो और भाइयो’ करून पुढच्या गाण्याचं नाव सांगायचा, तेही चुकीचं. मागे नळाला पाणी आल्याचा गलका. मी आपलं काम चोख करायचं म्हणून मधलं सगळं कापलं, खरखर काढली, गाणी एकामागून एक लावून सीडी दिली. आठवड्याने त्या परत आल्या. ‘गाणी काय कुठेही मिळाली असती हो,’ म्हणाल्या. मी कच्ची फाइल ठेवली नव्हती आणि सीडी मिळाल्यावर त्यांनी कॅसेट टाकून दिली होती. तेव्हापासून कच्ची फाइल माझ्याकडे दोन ठिकाणी असते आणि तिला मी हात लावत नाही. जे काय कापायचं, पुसायचं ते तिच्या प्रतीवर.

उतरवण्याचं तंत्र साधं आहे. डेकच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या) लाइन-इनमध्ये, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरतं. याहून मोठे आकडे मागणाऱ्याला फितीवर मुळात काय असतं ते माहीत नसतं. साठ मिनिटांची फाइल जेमतेम एक जीबी होते. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं-कापायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला भरपूर आहे. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या ठोक्यालाही उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. खरखर काढायचा मोह होईल. थोडी काढा, पण झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या व्हायला लागल्या की मागे फिरा.

आता बँड. तुम्हाला नावाने काही धड सापडलं नाही याचं कारण नाव बदललं आहे. रॉक मशीन १९८४ साली मुंबईत सुरू झालं. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही त्यातली ठळक मंडळी. कॉलेजच्या स्टेजवर परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणं हाच मोठा पराक्रम होता, त्या काळात यांनी स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९८८. १९९० मध्ये दुसरा, ‘द सेकंड कमिंग’. तुमच्या कॅसेटवर यातला एक किंवा दोन्हींतली निवडक गाणी असणार. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, हळूहळू भारतीय वाद्यं आणि वळणं संगीतात आली, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. केबलवर एमटीव्ही बघत असाल तर ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, आणि हीच ती आपली कॅसेटवाली मंडळी हे लक्षात आलं नसेल. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अल्बम काढला. तेव्हा शोधताना इंडस क्रीड या नावाने शोधा. रॉक मशीन असं टाकलं तर यंत्रांच्या जाहिरातीही येतील.

माझं मत विचाराल तर पहिला अल्बम आज ऐकताना मधूनमधून हसू येतं. त्या वेळच्या अमेरिकन हार्ड रॉकची नक्कल उघड दिसते, उच्चारही उसने. पण वाजवलंय टणक. तिनईकरांची गिटार तेव्हाही नुसती वेगासाठी पळत नव्हती, सूर धरून थांबायची हिंमत तिच्यात होती. ‘इव्हॉल्व्ह’ हा माझ्या मते त्यांचा सर्वांत पक्व अल्बम आणि सर्वांत कमी ऐकला गेलेला. तो एकदा सलग ऐका, पण कॅसेटचं काम झाल्यावर. आधी ऐकलात तर त्यांचा आत्ताचा आवाज कानात बसेल आणि मग वेग जुळवताना तुमचा अंदाज चुकेल. हे मी माझ्यावरून सांगतोय.

उतरवलेली फाइल स्वतः ऐका, मित्राला ऐकवा. ती यूट्यूबवर टाकायचा मोह आवरा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे १९८८च्या अल्बमचा २०४८ संपेपर्यंत. तुटलेल्या शेवटच्या गाण्याला फोनवरचा उरलेला तुकडा जोडून द्याल का, असंही तुम्ही विचारलंय. देता येतो, वेग आणि सूर जुळवून. फक्त ती तिसरी, वेगळी फाइल ठेवायची.

मित्राशी संपर्क असेल तर त्याने कुठल्या डेकवर भरली आणि कुठल्या कॅसेटवरून, एवढं विचारून घ्या. त्याच्याकडे ती मूळ कॅसेट अजून असेल तर फारच उत्तम. तिच्यावरून याच गाण्यांचा बरोबर वेग अंदाज न लावता मिळतो. ते जमेपर्यंत फोनवरच्या एका गाण्याचा वेळ मोजून ठेवा. कॅसेटवरचा वेळ मात्र डेक नीट झाल्यावरच मोजा, शेजाऱ्यांच्या टेपवर नाही.

आणि लेबलवर बी बाजूपुढे काही लिहिलेलं नाही म्हणता, म्हणून ती कोरी समजू नका. साठच्या कॅसेटची एक बाजू कोरी सोडण्याइतके पैसे त्या वेळी कॉलेजातल्या मुलांकडे नसत. बी बाजूही पूर्ण तीस मिनिटं चालवा, सुरुवातीला शांतता असली तरी, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून.